चौकशी नव्हे, विचारपूस : आत्महत्येने स्वजन गमावलेल्या कुटुंबांना साहाय्य

वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, नवीन यंत्रसामग्री, बांधकामाची प्रगती आणि जमाखर्चाचा ताळेबंद असतो. विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक हा तपशील आस्थेने वाचतात, याची आम्हांस जाणीव आहे. यंदा या पानांवर आम्ही एका वेगळ्या कामाविषयी लिहीत आहोत. या कामासाठी यंत्र लागत नाही, त्याच्या नावाची पाटी कोणत्याही दारावर नाही आणि ज्यांच्यासाठी ते चालते त्यांची नावे रुग्ण म्हणून आमच्या नोंदवहीत असतातच असेही नाही. ज्या घरातील व्यक्तीचा मृत्यू आत्महत्येने झाला, त्या घरातील मागे राहिलेल्या माणसांना आधार देण्याचे हे काम आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १,७०,९२४ व्यक्तींचा मृत्यू आत्महत्येने झाला. त्यांपैकी २२,७४६ मृत्यू एकट्या महाराष्ट्रातील होते आणि सर्व राज्यांत ही संख्या सर्वाधिक होती. याचा अर्थ, त्या वर्षी आपल्या राज्यात दररोज सरासरी ६२ घरांवर हा आघात झाला. अमेरिकेतील ज्युली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अशा प्रत्येक मृत्यूमागे त्या व्यक्तीला ओळखणारी सुमारे १३५ माणसे असतात. आईवडील, पती किंवा पत्नी, मुले आणि भावंडे तर त्यांत येतातच; त्यांशिवाय वर्गमित्र, सहकारी, शेजारी आणि उपचार करणारे डॉक्टरही येतात. सर्वांना सारखा धक्का बसत नाही, हे खरे. परंतु मृत्यूच्या आकड्याच्या कितीतरी पट माणसे या दुःखाच्या परिघात असतात, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

या कामाची सुरुवात

या कामाला सुरुवात झाली ती आमच्याच एका उणिवेतून, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी अतिदक्षता विभागात एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याची आई बाहेरच्या बाकावर बसून होती. डॉक्टरांनी तिला वार्ता दिली, पोलिसांना कळविण्यात आले, कागदपत्रे पूर्ण झाली, बिल विभागाने हिशेब केला. नियमाप्रमाणे जे व्हावयास हवे ते सर्व झाले. मात्र त्या दोन-तीन तासांत बाकावर तिच्याशेजारी आमच्यापैकी कोणीही जाऊन बसले नाही.

सुमारे वर्षभराने त्याच बाई छातीत धडधड होते, रात्री झोप लागत नाही, अशी तक्रार घेऊन बाह्यरुग्ण विभागात आल्या. हृदयाचा आलेख आणि रक्ताच्या तपासण्या यांत काही दोष आढळला नाही. तपासणाऱ्या निवासी डॉक्टरांनी सहज विचारले, “काकू, घरी कोण कोण असतं?” आणि त्या रडू लागल्या. वर्षभरात पुष्कळ जणांनी आपल्याला मुलाने असे का केले ते विचारले. पण तुम्ही कशा आहात, हे कोणी विचारले नाही, असे त्या म्हणाल्या. (त्यांची ओळख पटू नये यासाठी येथे तपशील मोजकेच दिले आहेत.)

मराठीत चौकशी आणि विचारपूस असे दोन शब्द आहेत. दोन्हींत प्रश्न विचारले जातात. चौकशी करणाऱ्याला माहिती हवी असते, तर विचारपूस करणाऱ्याला समोरच्या माणसाची काळजी असते. आत्महत्येनंतर कुटुंबाच्या वाट्याला पोलिसांची, नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, क्वचित वृत्तपत्रांचीही चौकशी भरपूर येते. विचारपूस मात्र फारच थोडी होते. ती कोणी, केव्हा आणि कशी करावी, हे शिकणे म्हणजेच हे काम, अशी आमची त्या दिवसापासूनची समजूत आहे.

या शोकाचे स्वरूप

शोक कोणत्याही मृत्यूनंतर असतो आणि एकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखाशी मोजू नये. तरीही आत्महत्येनंतरच्या शोकात काही गोष्टी अधिक तीव्रतेने आढळतात. त्या आधी समजून घेतल्या, तर आपल्या हातून नकळत होणारी इजा टळते.

पहिली गोष्ट म्हणजे ‘का?’ हा प्रश्न. तो कुटुंबाची पाठ सोडत नाही. शेवटचा फोन, शेवटचे जेवण, दारातून बाहेर पडताना बोललेले वाक्य, यांची मनात पुनःपुन्हा उजळणी होते. समाजाला या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत हवे असते : परीक्षेत नापास झाला म्हणून, कर्ज झाले म्हणून, घरात भांडण झाले म्हणून. शासकीय तक्त्यातही प्रत्येक मृत्यू एखाद्या कारणाच्या रकान्यात बसवावा लागतो. २०२२ च्या तक्त्यात ३१.७ टक्के मृत्यू ‘कौटुंबिक समस्या’ या रकान्यात आणि १८.४ टक्के ‘आजारपण’ या रकान्यात आहेत. प्रत्यक्षात नैराश्यासारखा आजार, व्यसन, आर्थिक ओढाताण, शारीरिक वेदना, एकटेपणा आणि त्या क्षणीची असह्य मनःस्थिती असे अनेक धागे एकत्र आलेले असतात. त्यांतला एकच धागा ओढून ‘हे कारण’ असे म्हणणे शास्त्राला धरून नाही, आणि ते कारण जर ‘घरातील भांडण’ असे ठरले, तर घरच्यांच्या दृष्टीने तो निवाडाच ठरतो.

दुसरी गोष्ट अपराधभावाची. ‘त्या दिवशी मी कामावर गेलो नसतो तर’, ‘मी रागावले नसते तर’, हे जर-तर संपत नाही. मृत्यूनंतर मागे वळून पाहताना खुणा स्पष्ट दिसू लागतात. पण त्या खुणा म्हणून ओळखता आल्या त्या मृत्यू घडल्यानंतरच. आदल्या दिवशी तेच वागणे थकवा, अभ्यासाचा ताण किंवा साधा अबोला वाटावे असे असते. मनोविकारतज्ज्ञांनाही प्रत्येक वेळी अंदाज बांधता येत नाही. ही वस्तुस्थिती सांगितल्याने अपराधभाव एका भेटीत जात नाही, पण ती सांगणारे कोणीतरी असावे लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे राग. सोडून गेलेल्या माणसाचाच राग येतो आणि तसा राग आल्याची लाज वाटते. वर्षानुवर्षे घरातील व्यक्तीच्या आजाराशी, व्यसनाशी किंवा वारंवारच्या प्रयत्नांशी झुंजलेल्या कुटुंबाला कधी क्षणभर सुटल्यासारखेही वाटते. असे वाटणे म्हणजे प्रेम कमी असणे नव्हे. आमच्याकडे आलेल्या अनेकांनी ही भावना प्रथमच मोठ्याने उच्चारली आणि ती ऐकून समोरच्याला धक्का बसला नाही, एवढ्यानेच त्यांचे ओझे काहीसे उतरले.

चौथी गोष्ट मौनाची. घरात त्या व्यक्तीचे नाव घेणे बंद होते. फोटो भिंतीवरून कपाटात जातो. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असल्यास ‘अपघात झाला’ असे सांगितले जाते. या मौनामागे भाषाही आहे. ‘आत्महत्या’ या शब्दातच ‘हत्या’ आहे आणि ‘केली’ हे क्रियापद जोडताच गुन्ह्याचा वास येतो. कायद्यानेही दीर्घकाळ तसेच मानले होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने सर्वसाधारण कलम राहिलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा दंडनीय ठेवलेला आहे. कायदा बदलला, तरी बोलण्यातील वळण अजून बदललेले नाही. आमच्या नोंदींत आम्ही ‘आत्महत्येने मृत्यू’ असे लिहितो. बदल लहान आहे, पण कागद हातात घेणाऱ्या वडिलांना तो जाणवतो.

पहिली रात्र

अशा मृत्यूनंतर कुटुंबाला शोक करण्याआधी एका दीर्घ कार्यवाहीतून जावे लागते. तिची माहिती आधी मिळाली, तर भीती निम्मी होते. म्हणून ती येथे थोडक्यात देत आहोत.

रुग्णालयात आणलेली अशी प्रत्येक घटना वैद्यकीय-न्यायिक स्वरूपाची असते आणि तिची माहिती पोलिसांना देणे डॉक्टरांवर बंधनकारक असते. पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करतात, पंचनामा करतात आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवितात. पूर्वी ही कार्यवाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार होत असे. जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होते. विवाहानंतर ७ वर्षांच्या आत महिलेचा असा मृत्यू झाल्यास चौकशी अधिक कसून केली जाते. ही कार्यवाही प्रत्येक घटनेत होते. ती सुरू झाली म्हणजे कुटुंबावर संशय आहे, असा अर्थ होत नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करण्यास परवानगी दिली, परंतु आत्महत्येच्या घटना सर्वसाधारणपणे त्यातून वगळल्या. परिणामी संध्याकाळी मृत्यू झाला, तर बहुधा सकाळपर्यंत थांबावे लागते. ती रात्र शवागाराच्या बाहेर, रिक्षाथांब्यावर किंवा पोलीस ठाण्याच्या बाकावर जाते. आपल्या माणसाला हात लावता येत नाही, घरी नेता येत नाही. चिठ्ठी सापडली असल्यास ती पोलीस ताब्यात घेतात आणि आईवडिलांनी ती नीट वाचलेलीही नसते. काही वेळा अंतिम अभिप्राय प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत राखून ठेवला जातो, त्यामुळे विमा आणि बँक यांची कामे अनेक महिने रखडतात.

या रात्री आमचे वैद्यकीय समाजसेवक किंवा प्रशिक्षित स्वयंसेवक कुटुंबासोबत थांबतात. पुढे काय होणार आहे, कोणाची सही लागेल, कोणाला कळवावयाचे आहे, हे ते साध्या शब्दांत सांगतात. पाणी आणि चहा देतात. मृतदेह पाहावा की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा यासाठी वेळ देतात. अशा प्रसंगी बिलाचा कागद नातेवाइकांच्या हाती न देता त्याविषयी नंतर बोलावे, असा नियम आम्ही केला आहे.

दहावा, तेरावा आणि त्यानंतर

मृत्यू झालेल्या घरी समाचाराला जाण्याची आपली रीत फार शहाणपणाची आहे. घरात चूल पेटत नाही, तेव्हा शेजारची पिठले-भाकरी येते. दहा-तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. रडणाऱ्याला रडू देणारे वडीलधारे जवळ असतात. आत्महत्येनंतर हीच रीत अडखळते. काही लोक येतच नाहीत, कारण काय बोलावे ते त्यांना सुचत नाही. काही येतात, ते ‘नेमके काय झाले’ हे ऐकण्यासाठी.

दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते. कोणत्याही कुटुंबासाठी ते क्षण जड असतात. पण ज्या घरात ‘त्याच्या मनात काय होते’ हाच प्रश्न जळत आहे, त्या घरासाठी कावळ्याचा उशीर म्हणजे उघड आरोप वाटू लागतो. अशा वेळी दर्भाचा कावळा करून विधी पूर्ण करण्याची सोय परंपरेतच आहे, हे सांगणारे समंजस गुरुजी आम्ही पाहिले आहेत. अपमृत्यूनंतर नारायणबळी करावयाचा की नाही, हा प्रत्येक कुटुंबाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्यात आम्ही मत देत नाही. विधीने मनाला शांती मिळत असेल तर तो करावा. भीती घालून कोणी खर्चात पाडत असेल, तर थांबून घरातील विचारी माणसाचा सल्ला घ्यावा, एवढेच आम्ही सांगतो. वसई आणि गोव्याकडील कॅथलिक कुटुंबांतील काही वृद्धांच्या मनात अजूनही चर्चमध्ये अंत्यविधी नाकारला जाईल अशी भीती असते. १९१७ च्या धर्मसंहितेतील तसा निर्बंध १९८३ च्या संहितेत राहिलेला नाही, ही माहितीही आम्ही त्यांना देतो.

तेराव्यानंतर पाहुणे परततात आणि तेव्हापासून खरा एकांत सुरू होतो. त्याच सुमारास व्यवहाराच्या गोष्टी समोर येतात. आयुर्विम्याचे पैसे मिळणारच नाहीत, असे समजून अनेक जण अर्जच करीत नाहीत. वास्तविक बहुतेक आयुर्विमा पॉलिसींमध्ये आत्महत्येविषयीचे बंधन पहिल्या १२ महिन्यांपुरते असते. म्हणून पॉलिसीतील अट वाचून दावा अवश्य करावा. शेतकरी कुटुंबांसाठी राज्य शासनाने २००५-०६ च्या सुमारास १ लाख रुपयांच्या मदतीची योजना सुरू केली. मात्र तीत जिल्हास्तरीय समिती कर्ज, नापिकी आणि जमिनीचे कागद पाहून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरविते. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असतो, कर्ज सावकाराचे असते आणि तरुण विधवेच्या हाती ‘अपात्र’ असा शेरा येतो. तो शेरा योजनेच्या अटींपुरता असला, तरी तिला तो आपल्या पतीच्या दुःखावर मारलेला शेरा वाटतो. म्हणून कागदपत्रांच्या कामात समाजसेवकाने सोबत जाणे हाही सांत्वनाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

मुलांना काय सांगावे

आमच्याकडे सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. ‘बाबा गावाला गेले’, ‘आई देवाघरी झोपली आहे’, असे सांगण्याकडे मोठ्यांचा कल असतो. त्यामागे मायाच असते. परंतु मूल शाळेत, गल्लीत किंवा मोबाईलवर खरी गोष्ट ऐकतेच, आणि ती परक्याच्या तोंडून ऐकल्यावर घरच्या माणसांवरील त्याचा विश्वास उडतो. शिवाय आपण हट्ट केला म्हणून, गुण कमी पडले म्हणून असे झाले, अशी समजूत लहान मुले मनातल्या मनात करून घेतात.

म्हणून वयाला पेलेल तेवढे, पण खरे सांगावे. उदाहरणार्थ : “बाबांचं मन खूप आजारी होतं. त्या दुखण्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला. ते तुझ्यामुळे झालं नाही. तुला केव्हाही काही विचारावंसं वाटलं तर मला विचार.” मार्गाचा तपशील सांगण्याची आवश्यकता नाही. हे घरातील सर्वांत विश्वासाच्या व्यक्तीने सांगावे आणि वर्गशिक्षकांनाही त्याची कल्पना द्यावी. मूल दहा मिनिटे रडून खेळायला गेले, तर त्याला दुःख नाही असे समजू नये. मुलांचा शोक असाच तुकड्यातुकड्यांनी येतो.

मदत घरी जावी लागते

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी १९५८ मध्ये सहकाऱ्यांसह लॉस एंजेलिस येथे आत्महत्या प्रतिबंध केंद्र स्थापन केले. पुढे त्यांनीच मागे राहिलेल्यांना द्यावयाच्या साहाय्यासाठी ‘पोस्टव्हेन्शन’, म्हणजे पश्चात-साहाय्य, हा शब्द रूढ केला. आजचे असे साहाय्य म्हणजे उद्याच्या आत्महत्यांचा प्रतिबंधच होय, अशी त्यामागील धारणा आहे. आपल्या देशात डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये चेन्नई येथे स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ या संस्थेने आत्महत्या प्रतिबंधाच्या कामात मोलाचा पायंडा पाडला.

हे साहाय्य केवळ मायेपोटी करावयाचे नाही. ते वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी १८ ते ४० वयोगटातील ३,४३२ शोकग्रस्त व्यक्तींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. आकस्मिक परंतु नैसर्गिक कारणाने जवळचे माणूस गमावलेल्यांच्या तुलनेत, आत्महत्येने माणूस गमावलेल्यांमध्ये स्वतः तसा प्रयत्न करण्याची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांनी अधिक आढळली. मृत व्यक्ती रक्ताच्या नात्याची असो वा मित्र किंवा जोडीदार असो, धोका सारखाच होता. त्यामुळे त्याचे स्पष्टीकरण केवळ आनुवंशिकतेने देता येत नाही. समाजाकडून जाणवणाऱ्या कलंकाचा या धोक्याशी जवळचा संबंध असल्याचेही या अभ्यासात दिसले. म्हणजे शेजाऱ्यांची नजर आणि नातेवाइकांचे शब्द यांचा मागे राहिलेल्यांच्या प्रकृतीशी थेट संबंध पोहोचतो.

अडचण अशी की, ही माणसे मदत मागावयास स्वतः येत नाहीत. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात बॅटन रूज येथे फ्रँक कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक उपाय केला. मृत्यूची वार्ता येताच, स्वतः असे दुःख सोसलेल्या प्रशिक्षित स्वयंसेवकांसह एक पथक घटनास्थळी कुटुंबाकडे जाऊ लागले. २००४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, कोणी भेटले नाही अशा कुटुंबांतील माणसे मदतीसाठी येईपर्यंत मृत्यूनंतर सरासरी सुमारे साडेचार वर्षे गेलेली असत; पथक भेटलेल्या कुटुंबांतील माणसे सुमारे ३९ दिवसांत येऊ लागली. हे वाचल्यावर बाकावर एकट्या बसलेल्या त्या माउलीचे वर्ष आम्हांस पुन्हा आठवले. समाचाराला जाण्याची आपली रीत मुळात हेच करीत आली आहे. आम्ही ती रुग्णालयाच्या कामात आणण्याचा प्रयत्न करतो.

त्यामुळे आमच्या कामाचा क्रम असा आहे. पहिल्या रात्रीची सोबत वर सांगितलीच आहे. त्यानंतर काही दिवसांनी दूरध्वनी केला जातो. दहाव्या-तेराव्याच्या सुमारास कुटुंबाची संमती असल्यास घरी भेट दिली जाते. पुढे पहिला, तिसरा आणि सहावा महिना, पहिली दिवाळी, मृत व्यक्तीचा वाढदिवस आणि वर्षश्राद्ध या वेळी संपर्क साधला जातो. विद्यार्थी गमावलेल्या घरी दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी आवर्जून फोन होतो. नको म्हणणाऱ्या कुटुंबाचा मान राखला जातो, पण पत्ता आणि क्रमांक त्यांच्याजवळ ठेवला जातो.

महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी अशा कुटुंबांची बैठक असते. तेथे व्याख्यान नसते. ज्यांना बोलावयाचे ते बोलतात, इतर ऐकतात आणि तेथे ऐकलेले कोणी बाहेर बोलत नाही. पुरुष फार कमी येतात. एक गृहस्थ पहिले काही महिने पत्नीला स्कूटरवरून सोडून फाटकाबाहेर थांबत. एकदा पाऊस आला म्हणून ते वर चहाला आले. त्यानंतर ते दर वेळी येऊन बसू लागले. बोलण्यास त्यांना आणखी बराच काळ लागला. आता नव्याने आलेल्या वडिलांशेजारी ते स्वतःहून जाऊन बसतात.

आपण काय करू शकता

हा अहवाल वाचणाऱ्यांपैकी अनेकांना असा प्रसंग आप्तेष्टांत किंवा शेजारी पाहावा लागला असेल. म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे सांगतो.

अवश्य जावे. काय बोलावे ते सुचत नसेल, तर तसेच म्हणावे : “काय बोलू ते कळत नाही, पण मी आलो आहे.” गेलेल्या व्यक्तीचे नाव घ्यावे आणि तिची चांगली आठवण सांगावी, तिचे आयुष्य शेवटच्या दिवसापुरते नव्हते, हे घरच्यांना ऐकावयाचे असते. डबा न्यावा, वीजबिल भरावे, मुलांना शाळेत सोडावे. तेराव्यानंतर पुन्हा जावे आणि वर्षश्राद्धाची तारीख लक्षात ठेवावी.

“तुम्हाला काहीच कसं कळलं नाही?”, “मुलांचा तरी विचार करायला हवा होता”, “पळपुटेपणा केला”, अशी वाक्ये कटाक्षाने टाळावीत. कारण शोधू नये, दोषी ठरवू नये, तपशील विचारू नये. छायाचित्र किंवा चिठ्ठीतील मजकूर मोबाईलवरून पुढे पाठवू नये. भारतीय वृत्तपत्र परिषदेनेही २०१९ मध्ये अशा बातम्यांत मार्गाचे वर्णन, सनसनाटी मथळे आणि छायाचित्रे टाळण्याविषयी वृत्तपत्रांना मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. तोच संयम आपल्या हातातील मोबाईललाही लागू व्हावा.

मागे राहिलेली व्यक्ती आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, मद्याकडे वळली असेल, स्वतःच्या वस्तू वाटून टाकू लागली असेल किंवा ‘मलाही त्याच्याकडे जायचं आहे’ असे म्हणत असेल, तर थांबू नये. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे सरळ आणि मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे.

विश्वस्त आणि देणगीदारांस निवेदन

या कामाचा खर्च म्हणजे समाजसेवकांचे मानधन, प्रवास, दूरध्वनी, स्वयंसेवकांचे प्रशिक्षण आणि चहा. देणगीदाराचे नाव कोरता येईल अशी कोणतीही वस्तू त्यातून उभी राहत नाही. यशाचा आकडाही देता येत नाही. किती जीव वाचले, असे एका हितचिंतकांनी आम्हांस आपुलकीने विचारले होते, तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. जी आत्महत्या घडलीच नाही, तिची नोंद कोणत्या वहीत करावयाची? या पानांवर कोणाचे छायाचित्र नाही, हेही आपल्या लक्षात आले असेल. त्या कुटुंबांना दिलेल्या शब्दामुळे ते छापलेले नाही.

तरीही हे काम रुग्णालयाचेच आहे, अशी आमची खात्री आहे. रुग्णाचा मृत्यू झाला, की रुग्णालयाचे कर्तव्य संपते अशी आमची पूर्वीची समजूत होती. बाकावरच्या त्या माउलीने ती दुरुस्त केली. त्या अजूनही शनिवारच्या बैठकीस येतात आणि नव्या माणसांसाठी चहा करण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले आहे.

आपल्या देणगीचा काही भाग या कामासाठी वेगळा ठेवण्यास आपण संमती द्यावी, आणि ज्यांना महिन्यातून काही तास देणे शक्य आहे त्यांनी स्वयंसेवक-प्रशिक्षणासाठी समाजसेवा विभागाशी संपर्क साधावा, अशी नम्र विनंती आहे. ज्या कुटुंबांनी आपल्या घरात आम्हांस येऊ दिले, त्यांचे आम्ही ऋणी आहोत.

हे वाचताना ज्यांचे मन भरून आले असेल, त्यांनी ते कोणाजवळ तरी बोलावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र आणि विनामूल्य उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. आमच्या समाजसेवा विभागात येण्यासाठी केसपेपर काढण्याची आवश्यकता नाही.